शनिवारची कुत्री

कांताअक्का गेल्या त्या दिवशी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. "मुक्या प्राण्यांची माउली हरपली." "दयेचा सागर आटला." आणि पहिला संदेश कुणाचा? रमेशनानांचा! खाली फुलं, दिवा, आणि कुठल्याशा लग्नातला अक्कांचा फोटो. त्या फोटोत अक्का फोटो काढणाऱ्यावरच डोळे वटारून बघताहेत. मी फोन पालथा टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

माउली म्हणे. अक्कांना तोंडावर कुणी माउली म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढून कडी लावली असती. त्यांच्यात दया किती होती ते मला ठाऊक नाही. राग होता, भरपूर होता, आणि बसल्या जागी विझेल असा तो नव्हता. या माणसांनी बाई जिवंत असेपर्यंत त्या रागाला टाळलं, आणि ती गेल्याबरोबर त्याचं नाव दया ठेवून, हार घालून मोकळे झाले. म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. अक्का शेजारच्या घरात, एकट्या. सासरचं धान्याचं दुकान होतं. यजमान गेले, मुलगा सुरतेला स्थिरावला, दुकान भाड्यानं गेलं. अक्का मात्र इथून हलल्या नाहीत. उंची बेताची, डोक्यावरून पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. धर्मानं जैन आणि नेमधर्माच्या कडक. पाणी फडक्यानं गाळून प्यायचं, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, रस्त्यानं चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून नजर खाली ठेवायची. हातानं त्यांनी कधी डास मारला नाही. तोंडानं मात्र दिवसाकाठी चार-सहा माणसं सहज मारायच्या. "गधड्या", "नालायका", "अकलेच्या कांद्या". कांदा त्यांच्या घरात यायचा तो एवढाच. फोनवर समोरच्याला सोलून काढलं, की शेवटी अगदी शांतपणे "जय जिनेंद्र" म्हणून फोन ठेवायच्या.

मी शाळेत शिकवते म्हणून मला "मास्तरीण" म्हणत. एकदा मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला प्राण्यांची भारी आवड." त्या अशा काही उसळल्या! "आवड? कुत्रं मला मुळीच आवडत नाही. ओलं नाक लावतं, अंगण घाण करतं. पण आवडण्याचा इथे काय संबंध? तुझा दीर तरी तुला कुठे आवडतो? ताट वाढतेस ना त्याला?"

कुणी येऊन सांगे, "अक्का, नाक्यावर गाय प्लास्टिक खातेय." त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "मग तू काय केलंस?" "तुम्हाला सांगायला आलो ना." "मला कशाला? दिसलं कुणाला? तुला. मग ते तुझं काम." हळूहळू लोक त्यांना सांगेनासे झाले. काहीजण तर त्यांच्या घरासमोरून जाताना इकडेतिकडे बघेनासे झाले.

एका मे महिन्यात पांझरा नदीच्या पुलाकडून वरात येत होती. भर ऊन, डांबर मऊ पडलेलं, पुढे कानठळ्या बसवणारा डीजे, आणि घोडीच्या तोंडाला फेस. अक्का घमेलंभर पाणी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. नवरदेवाचा मामा हात जोडून म्हणाला, "अक्का, बाजूले सरका ना. मुहूर्त टळी जाई."

"टळू दे. उतर रे तू खाली." हे नवरदेवाला. तो बिचारा मुंडावळ्या सावरत उतरला. घोडी घमेल्यात तोंड घालून पाणी पीत राहिली आणि अख्खी वरात उन्हात तिष्ठत उभी. "आता मांडवापर्यंत पायी जा," अक्का म्हणाल्या. "तुझी बायको जन्मभर तुझं ओझं वाहणार आहेच. आजचा दिवस हिला सोड." तो पायी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई अक्कांकडे लाडू देऊन गेली. भीतीनं की श्रद्धेनं, ते मला कळलं नाही.

आता रमेशनाना. मागच्या गल्लीत त्यांचा बंगला. रस्त्यांचे ठेके घेतात. बोलायला लोण्याहून मऊ. मुलाचा धंदा बसला तेव्हा कुण्या ज्योतिषानं त्यांना साडेसाती सांगितली. उपाय काय, तर दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची. ही चाल आपल्याकडे नवी नाही. शनिवारी सकाळी आमची अर्धी कॉलनी डब्यात पोळी घेऊन काळं कुत्रं शोधत हिंडते. पांढरा ठिपका असलेलं चालत नाही. त्यामुळे नाक्यावरच्या एकुलत्या एक काळ्या कुत्र्याचं पोट सकाळीच तट्ट फुगायचं, आणि नाना पोहोचेपर्यंत ते पोळीकडे ढुंकूनही बघायचं नाही. आणि कुत्र्यानं पोळी नाकारली म्हणजे अपशकुन, शनिमहाराज रुसले!

नानांनी ठेकेदाराच्या डोक्यानं यावर तोड काढली. शिंदखेड्याकडच्या एका साइटवरून त्यांनी काळीभोर कुत्री उचलून आणली आणि बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांशेजारी, साखळीनं बांधली. घरची, हक्काची. दर शनिवारी नाना आंघोळ करून तिला कुंकू लावत, पोळी घालत आणि ग्रुपवर फोटो टाकत. आम्ही सगळे त्याखाली पसंतीचे अंगठे टाकत होतो.

नानांच्या आणि अक्कांच्या घरी धुणंभांडी करायला एकच बाई येई. हिराबाई. त्या मे महिन्यात नाना सगळ्या कुटुंबाला घेऊन शनिशिंगणापूरला गेले, तिथून पुढे आणखी देवदर्शनाला. मी विरजण मागायला अक्कांकडे गेले होते. हिराबाई मोरीत भांडी घासत होती, आणि घासता घासता रडत होती.

"काय झालं गं?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, नानांनी कुत्रीले पिल्ला व्हयनात. आन् त्या कुलूप लाई गयात. मना हातमा चावी नही. ती वरडी वरडी थकी गयी. आते तं पिल्लास्ना आवाजबी येत नही." नानांची कुत्री व्यायली होती, आणि नाना बंगल्याला कुलूप लावून गेले होते.

"खायला कोण घालतं तिला?"

हिराबाईनं हात धुतले, पदरानं पुसले, आणि खाली बघत म्हणाली, "कोनीच नही. नाना म्हनस, बेस्तरवारपशी तिले काहीच देऊ नको. भुकी राहिनी तं शनवारले पोळी खाई."

मला ते समजायला क्षणभर वेळ लागला. गुरुवारपासून तिला उपाशी ठेवायचं. मग शनिवारी ती पोळीवर झडप घालणार, म्हणजे शकुन चांगला, ग्रह प्रसन्न. दर आठवड्याला! आणि आम्ही फोटो बघून म्हणत होतो, काय भक्तिभावानं खाते बघा! हिराबाईनं पुढचंही सांगितलं. या शनिवारी ती नुकतीच व्यायली होती, पिल्लांना सोडून उठली नाही, पोळीला तिनं तोंड लावलं नाही. नाना घाबरले. म्हणून तर लगोलग शिंगणापूरला निघाले, रुसलेल्या देवाची समजूत काढायला. बाळंतीण साखळीला बांधलेली, आणि हे रांगेत नारळ घेऊन उभे!

अक्कांनी फोन उचलला, नानांना लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अक्का, दर्शनाच्या रांगेत आहे हो," नानांचा मऊ आवाज आला. मागे घंटा वाजत होत्या. "आल्यावर बघू ना. बांधलेली आहे, कुठे जाते?"

"पाणी?"

"टब भरून ठेवलाय. आणि अक्का, जनावराचंही दैव असतं."

"तुझं दैव मी बघते. जय जिनेंद्र."

आम्ही मागच्या गल्लीत गेलो तोवर हिराबाईनं चार घरी सांगितलं होतं. माणसं जमली, आणि जमून बोलू लागली. एकजण म्हणाला, पोलिसांना कळवा. दुसरा म्हणाला, महापालिकेत माझी ओळख आहे, पण आज सुट्टी. तिसरा म्हणाला, परक्याच्या आवारात शिरणं गुन्हा आहे. एका बाईंनी भिंतीवरून मोबाइल उंच धरून व्हिडिओ घेतला आणि "किती वाईट वाटतं ना!" असं म्हणाल्या. आतून मध्येच एक बारीक, चिरका आवाज येई आणि थांबे. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्या किसनभाऊला अक्कांनी हाक मारली. तो आला, फाटकाचं कुलूप बघितलं, मान खाली घातली. "अक्का, नानानं बठ्ठं काम मनाकडे शे. मी नही तोडनार." नानांचं सगळं काम त्याच्याकडेच असे.

"जा मग घरी," अक्का म्हणाल्या. "निदान तू खरं बोललास. हे बाकीचे बघ. यांचे हात काय त्या ग्रुपवर जोडायलाच आहेत?" मग व्हिडिओवाल्या बाईंकडे वळून, "तो फोन पर्समध्ये घाल, नाहीतर गटारात टाकीन."

मी घरून शिडी आणली. सत्तरी ओलांडलेली ती बाई पदर खोचून शिडीवर चढली. भिंतीवर बसून एक पाय आत टाकला आणि तिथूनच तिनं जमलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन शिव्या दिल्या. मग अक्का आत उतरल्या. आवाराच्या मागच्या दाराला आतून नुसती कडी होती. ती काढून त्यांनी मला आत घेतलं आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

शेडमध्ये पाऊल टाकलं तर पत्र्याचा ताप भट्टीसारखा अंगावर आला. कुत्री एका खांबाला बांधलेली. उठून बसून, फिरून फिरून साखळीचे वेढे खांबाला पडलेले, उरलेली साखळी वीतभर. टब होता. नाना खोटं बोलले नव्हते. टब तिच्या तोंडापासून हातभर लांब होता आणि त्यात सुकलेला पाला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती कुत्री. कपाळावर शनिवारचं कुंकू तसंच. पोटाशी पिल्लं, काही हलणारी, दोन न हलणारी. त्या दोघांनाही ती चाटत होती.

मी तोंडावर पदर घेतला. अक्कांनी नाही. त्यांनी आधी नळाखाली पातेलं भरून तिच्यापुढे सरकवलं. ती लपलप पाणी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. साखळीचा हूक गंजून बसला होता. अक्कांनी इकडेतिकडे बघितलं. कोनाड्यात शनिवारच्या पोळीला लावायच्या तेलाची बाटली होती. ती त्यांनी हुकावर उपडी केली, दगडानं चार ठोके दिले, आणि हूक सुटला. त्या तेलानं पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं केलं.

मग त्यांनी पिल्लांकडे हात नेला, आणि कुत्रीनं त्यांच्या मनगटाच्या वर दात रोवले. तिचं काय चुकलं? माणसाचा हात तिला आणखी कशासाठी ठाऊक होता?

अक्कांनी हूं की चूं केलं नाही. हात ओढलाही नाही, तिनं सोडेपर्यंत तसाच ठेवला. मी ओरडणार तोच म्हणाल्या, "तोंड मिट. बाहेर सगळे उभे आहेत. चावली म्हणून कळलं तर हा माणूस उद्या तिला पिसाळलेली ठरवील आणि मारून टाकील. काही झालेलं नाही, समजलं?" रक्ताळलेल्या हातावर त्यांनी पदर गुंडाळला. दुसऱ्या हातानं एकेक जिवंत पिल्लू माझ्या भाजीच्या पिशवीत ठेवलं. मेलेली दोन आम्ही तिथेच लिंबाखाली पुरली. पिशवी घेऊन मी पुढे निघाले, तशी ती कुत्री अडखळत, पडत, पुन्हा उठत पिशवीच्या मागे आली. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. होय, टाळ्या! अक्का थांबल्या, वळल्या, आणि टाळ्या बंद झाल्या.

घरी येऊन त्या धुण्याच्या साबणानं तो हात नळाखाली कितीतरी वेळ धूत उभ्या होत्या. जनावरांचे डॉक्टर येऊन कुत्रीला सलाइन लावून गेले. ती पहिला घास खाईपर्यंत सूर्य मावळला होता, म्हणजे अक्कांचं जेवण राहिलं. "राहू दे," म्हणाल्या, "एक दिवसानं मी मरत नाही. ती मेली असती."

कुत्रं चावल्याची इंजेक्शनं धुळ्यात घेतली असती तर तासाभरात कॉलनीभर झालं असतं. म्हणून अक्का जळगावला बहिणीकडे जाऊन ती घेऊन आल्या. एकदा "भाचीचं डोहाळजेवण", एकदा "बहिणीचे गुडघे", एकदा "महाराजसाहेबांचं प्रवचन". दर वेळी लांब बाह्यांचं पोलकं, आणि येताना केळीचे वेफर्स. कॉलनीभर वेफर्स वाटले आणि लोक म्हणाले, अक्का अलीकडे मवाळ झाल्यात हो. मी वेफर्स चावत गप्प.

नाना परतले ते प्रसाद घेऊनच अक्कांच्या फाटकाशी आले. व्हरांड्यात कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. नानांना बघून तिनं पिल्लांवर अंग आणखी ओढून घेतलं.

"अक्का, झालं गेलं राहू द्या. आमची कुत्री तेवढी द्या."

"घेऊन जा," अक्का म्हणाल्या. मी चमकून बघितलं. "तुझीच आहे. पण एक ऐकून जा. तू नेलीस तर मी रोज भिंतीपाशी येऊन तिला पोटभर खायला घालीन. गुरुवारी घालीन, शुक्रवारी तर तूप लावून घालीन. शनिवारी तुझी पोळी ती हुंगणारसुद्धा नाही. दर शनिवारी नाकारील. चालेल? घेऊन जा."

नानांचा चेहरा उतरला. माणुसकीची भाषा त्यांना कळत नव्हती, पण ही कळली. प्रसादाची पुडी फाटकावर ठेवून ते निघून गेले.

कुत्री अक्कांच्या व्हरांड्यातच राहिली. तिचं नाव त्यांनी कधी ठेवलं नाही. "ए बाई, उठ, पाय मोडलेत का?" असंच बोलायच्या. पिल्लं मोठी झाल्यावर एक हिराबाईच्या गावी गेलं. एक अक्कांच्या भावानं फैजपूरला केळीच्या बागेत नेलं. उरलेलं मी ठेवून घेतलं.

वाटलं, संपलं. पण असली माणसं सुधारत नाहीत, भिंत उंच करतात. नानांनी भिंतीवर काचा बसवल्या, मागच्या दाराला मोठं कुलूप घातलं आणि दुसरा काळा कुत्रा आणून बांधला. वर पोलिसात तक्रारही दिली. एक हवालदार संकोचत अक्कांकडे आला आणि म्हणाला, पुन्हा भिंत ओलांडू नका, आई.

"भिंतीवरून पोळी टाकायला बंदी आहे का रे कायद्यात?"

त्यानं जरा विचार केला. "नाही, आई."

"मग झालं. चहा घे."

त्या दिवसापासून अक्कांचा नेम सुरू झाला. रोज दुपारी डबा घेऊन मागच्या गल्लीत जायचं, पोळीचे तुकडे करून भिंतीवरून आत टाकायचे. शुक्रवारी दुप्पट, तूप लावून. पावसाळा गेला, थंडी गेली. नानांनी सगळं करून बघितलं. पोळीला तेलाऐवजी लोणी लावलं, गूळ लावला, पुरणाची केली. शनिवारी सकाळी तो कुत्रा पोळी हुंगे आणि तोंड फिरवून झोपी जाई. ग्रुपवरचे फोटो बंद झाले. नानांच्या बायकोनं एकदा अक्कांचे पाय धरले. "उठ," अक्का म्हणाल्या, "पाय माझे कशाला धरतेस? साखळी सोड."

मग अक्कांचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून बजावलं. सुरतेहून मुलगा न्यायला येणार होता. शेवटी एका रविवारी नानांनी मागचं दार उघडून कुत्रा सोडून दिला. तो आता नाक्यावर असतो. अक्कांना आदल्या रात्रीच दवाखान्यात हलवलं होतं; ही बातमी द्यायला मी धावत तिथे गेले, तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. काचेतून मी फक्त नळ्या बघितल्या. ते दर्शन मी धरत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी. शाळेतून येताना मागच्या गल्लीत वळले तर अक्का भिंतीला टेकून उभ्या. धाप लागलेली, ओठ निळसर, पदर खांद्यावर आलेला. "द्या इकडे, मी टाकते," मी म्हटलं. त्यांनी डबा छातीशी धरला. वर गच्चीवर नाना उभे होते. ठेकेदाराची ऐट नाही, मऊ आवाज नाही. कठड्यावरून वाकून ते अगदी रडवेल्या सुरात म्हणाले, "अक्का, उद्या शनिवार आहे हो."

अक्कांनी वर बघितलं नाही. पुढचा तुकडा मोडला, त्यावर बोटानं तूप पसरलं आणि भिंतीपलीकडे टाकला.